मान्यवर मागून येत आहेत

मावशी कधी कुणाच्या पुढे चालल्या नाहीत. आम्ही भाजी आणायला गेलो तरी त्या माझ्या डाव्या हाताला, दोन पावलं मागे असायच्या. मी थांबले की त्या थांबत. काही बोलायला म्हणून मी मागे वळले, तर त्या आणखी थोड्या मागे सरकत आणि हनुवटीनं ‘पुढे बघा’ अशी खूण करत. गाझियाबादच्या त्या सोसायटीत मी नवीन होते तेव्हा लोकांची समजूत झाली की ही मुलगी कुणीतरी मोठी आहे आणि मागची बाई तिची सेक्रेटरी. प्रत्यक्षात मी मावशींच्या मागच्या खोलीत भाड्यानं राहत होते आणि नोएडातल्या एका ऑफिसात मालिकांच्या खाली येणाऱ्या ओळी लिहीत होते. त्या कामात दिवसभर कुणाशी बोलावं लागत नाही. मी ते त्यासाठीच धरलं होतं. पुण्यात शाळेत असतानाही, उत्तर येत असलं तरी मी हात वर करत नसे.

मावशींची सगळी नोकरी एका मंत्रालयाच्या प्रोटोकॉल विभागात झाली होती. मंत्री, परदेशी पाहुणे, पाहुण्यांच्या बायका यांचे दौरे आखणं हे त्यांचं काम. कुणी कुठल्या दारानं उतरायचं, फुलं कुणी द्यायची, ती दिल्यावर पाहुण्याच्या हातातून कुणी काढून घ्यायची, हे सगळं त्या दिल्लीत टेबलापाशी बसून ठरवत. निवृत्त झाल्यावर टेबल गेलं, ठरवणं राहिलं. दूधवाला आला की त्या आतून ‘आगमन’ म्हणत. घरात प्रत्येक वस्तू दोन होती, एक वापरायची आणि एक राखीव. राखीव छत्री, राखीव चष्मा, राखीव चपला. थर्मासमध्ये राखीव चहाही असायचा, आणि संध्याकाळी तो ओतून टाकताना त्यांच्या चेहऱ्यावर समाधान दिसायचं की आज गरज पडली नाही.

जेवणाचा पहिला घास त्या माझ्या ताटातून घेत. मग माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत बसत. काही होत नाही असं दिसलं की म्हणत, “घ्या आता.” तोवर वरणावर साय धरलेली असायची. सुरुवातीला मी बुजले, पण मला कुणाला काही सांगता येत नाही, म्हणून मी गार जेवायला शिकले.

त्यांचं घराणं नगरकडचं, मराठी ख्रिस्ती. आजोबा रेल्वेच्या नोकरीत दिल्लीला आले ते इथलेच झाले. मावशींच्या घरात प्रार्थना मराठीत होई आणि भांडण हिंदीत. त्यांचं मराठी स्वच्छ होतं, फक्त मधेमधे एखाद्या शब्दाची जागा रिकामी असे आणि तिथे त्या हिंदी शब्द बसवून पुढे जात. मला त्या एरवी ‘अगं’ म्हणत. कामाचं काही असलं की ‘आपण’. एकाच वाक्यात अगंवरून आपणवर गेल्या की समजायचं, आता दौरा सुरू झाला.

एका रविवारी चर्चहून आल्यावर त्या मटार सोलायला बसल्या आणि म्हणाल्या, “मला समुद्र बघायचाय. अंदमानला. एकटीनं.”

मी म्हटलं, छान. मला वाटलं, मुंबईचा, गोव्याचा वगैरे बघून झाला असेल, आता लांबचा. तर तसं नव्हतं. या बाईनं आयुष्यभर माणसं समुद्रावर पाठवली होती आणि समुद्र एकदाही पाहिला नव्हता. देशातला प्रत्येक किनारा त्यांना तोंडपाठ होता, पण गाडी कुठे थांबते आणि छत्री कुठल्या बाजूनं धरायची यापुरता. कन्याकुमारीचं नाव काढलं की त्या म्हणत, “वारा उजवीकडून येतो. टोप्या उडतात.” पुरीबद्दल त्यांचं म्हणणं होतं की वाळू मऊ आहे, उंच टाचांच्या पाहुण्यांना गालिचा लागतो.

असं कसं झालं, हे त्यांनी मटार संपेपर्यंत सांगितलं. दौऱ्याच्या आधी एक पाहणी पथक जातं. दोघं-तिघं अधिकारी आधी जाऊन रस्ता, जिने, खोली, बाथरूम बघून येतात. त्यांचा अहवाल आल्याशिवाय मान्यवर हलत नाहीत. मावशी दर वेळी आपलं नाव पथकासाठी द्यायच्या आणि साहेब दर वेळी म्हणायचे, तुम्हाला कसं पाठवणार, तिथे लेडीजची राहायची सोय नाही. मावशी परत टेबलापाशी यायच्या आणि पथकातल्या पुरुषांची राहायची सोय करायच्या. सोय करणाऱ्या त्याच होत्या. हे त्यांनी कुठलाही कडवटपणा न आणता सांगितलं. शेंगा एका बाजूला, दाणे एका बाजूला.

तर असा दौरा आखायला सुरुवात झाली. त्या एकट्याच जाणार होत्या, पण आखणीत त्यांनी स्वतःला कधी ‘मी’ म्हटलं नाही. ‘मान्यवर नाश्ता करतील. मान्यवर बोटीत बसतील.’ बेटावरच्या हॉटेलच्या मॅनेजरला त्या रोज दुपारी फोन करत. खिडकीत ऊन कधी येतं, बाथरूमचं दार आत उघडतं की बाहेर, किनाऱ्यावर कुत्री आहेत का, असतील तर कुणाची. मॅनेजर गरीब स्वभावाचा होता. पहिले काही दिवस त्यानं उत्तरं दिली, मग तो हळू आवाजात विचारायला लागला, “मैडम, आ कौन रहा है?” मावशी म्हणाल्या, हे फोनवर सांगता येत नाही. ते खरंही होतं, कारण सांगितलं असतं तर त्याला काय वाटलं असतं. पुढच्या आठवड्यात मॅनेजरनं कळवलं की बाहेरची भिंत रंगवून घेतली आहे आणि पडदे बदलले आहेत.

कार्यक्रमात समुद्र कुठे आहे, असं मी एकदा विचारलं. बोट होती, जेट्टी होती, विश्रांती होती. मावशींनी कागदावर बोट ठेवून दाखवलं. दुपारच्या जेवणानंतर एक मोकळी जागा होती आणि तिथे ‘राखीव’ लिहिलं होतं.

“समुद्र इथे,” त्या म्हणाल्या. “आनंद कार्यक्रमात लिहीत नाहीत, अगं. त्याच्यासाठी राखीव ठेवतात.”

दौरा आखून झाला की रंगीत तालीम. मान्यवर स्वतः तालमीला येत नाहीत, त्यांच्या जागी कुणीतरी उभं राहतं. म्हणून मावशी मावशी राहिल्या आणि मान्यवर मी झाले. मी नाही म्हणायला हवं होतं. पण नाही म्हणायला जेवढं बोलावं लागतं त्यापेक्षा हो म्हणायला कमी बोलावं लागतं.

मे महिन्यातल्या एका रविवारी आम्ही हिंडनवर गेलो. समुद्राच्या जागी हिंडन नदी. हिंडनला त्या दिवसांत पाणी असं फारसं नसतं, काळपट काहीतरी हळू सरकत असतं आणि वास येतो. मावशी म्हणाल्या, समुद्रालाही वास असतो असं पथकाच्या जुन्या अहवालात आहे. मला मोठी टोपी आणि काळा गॉगल घातला होता. टॅक्सी थांबली, मावशींनी उतरून दार धरलं, मी उतरले, त्यांनी माझ्या गळ्यात झेंडूचा हार घातला आणि दोन पावलं मागे सरकल्या. आता मी नदीकडे बघून मंद हसायचं होतं.

हाराची गंमत अशी की तो बघून माणसं जमतात. पलीकडच्या झोपड्यांतून बायका आल्या, म्हशी धुणारा एकजण आला. एक म्हातारी थेट माझ्यासमोर येऊन नाल्याबद्दल बोलू लागली. पाणी घरात शिरतं, साफ करायला कुणी येत नाही, तुम्ही तरी बघा. मी इतकी घाबरले की पळून जाऊन टॅक्सीत बसावंसं वाटलं. मागून मावशींचा आवाज आला, ओठ न हलवता काढलेला. “म्हणा, देखते हैं.”

मी म्हटलं, “देखते हैं.”

म्हातारीनं दोन्ही हात जोडले. मावशींनी माझ्या गळ्यातून हार काढून घेतला आणि आम्ही निघालो. टॅक्सीवाला आमचा ठरलेलाच, बागपतकडचा. त्यानं आरशातून माझ्याकडे नवीन नजरेनं बघितलं आणि एसी वाढवला. पुढच्या महिन्यात त्याच रस्त्यानं जाताना त्यानं गाडी हळू केली. नाला साफ झाला होता. कुणी केला, का केला, मला आजही माहीत नाही. टॅक्सीवाल्याला माहीत होतं. त्या दिवसापासून तो माझ्यासाठी दार उघडू लागला आणि त्यावरून त्याचं आणि मावशींचं जुंपायला लागलं, कारण दार उघडणं त्यांचं काम होतं.

तालमीच्या दिवशी हिंडनवरून परतताना मावशी खुशीत होत्या आणि त्यांनी मला एका जुन्या दौऱ्याची गोष्ट सांगितली. मथुरेच्या रस्त्यावर एका बड्या पाहुण्यांनी अचानक गाडी थांबवायला सांगितली, कारण त्यांना पेरू दिसले. मागच्या सगळ्या गाड्या थांबल्या. पुढे शाळेची मुलं झेंडे घेऊन उन्हात उभी होती, बँड वाजवायला तयार होता, आणि पाहुणे रस्त्याच्या कडेला मीठ लावून पेरू खात होते. मी विचारलं, मग कुणी काही बोललं नाही? मावशींना माझ्या प्रश्नाचंच आश्चर्य वाटलं. कार्यक्रमाच्या वर फक्त एक गोष्ट असते, मान्यवरांची इच्छा. तिचं कारण विचारायचं नसतं. तिची सोय करायची असते.

तारखा मात्र पुढे जात राहिल्या. पावसाळ्यात बोटी बंद असतात, ते समजण्यासारखं होतं. पण नंतरही दर वेळी अहवालात काहीतरी कमी निघे. खोलीपासून जेवणघरापर्यंत पायऱ्या किती, हे मॅनेजरनं अंदाजानं सांगितलं होतं. नारळपाणीवाला मान्यवरांकडे पाठ करून नारळ फोडतो की तोंड करून, ते कळलं नव्हतं. मूळ अडचण एकच होती. पाहणी पथक गेलंच नव्हतं, कारण पाठवायला कुणी नव्हतं. मी एकदा धीर करून म्हटलं, मावशी, तुम्ही नुसत्या जा ना, तिथे जाऊनच बघा. त्या हसल्या, लहान मुलानं काही विचारल्यावर हसतात तशा. “पाहणीशिवाय मान्यवर? चलो, जेवायला बसू.”

पण त्या रात्री मी पाणी प्यायला उठले तेव्हा त्या स्वयंपाकघरात टेबलापाशी बसल्या होत्या, आणि त्यांच्यासमोर अंदमानचा काहीही कागद नव्हता. नुसत्या बसल्या होत्या. मला बघून त्या उभ्या राहिल्या. मी पाणी पिऊन जाईपर्यंत उभ्याच होत्या. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की या बाई जाणार नाहीत. सगळं तयार ठेवून, भिंती रंगवून घेऊन, या इथेच राहतील आणि समुद्र ‘राखीव’मध्ये पडून राहील.

दिवाळी झाली. धूर खाली उतरला, समोरची इमारत दिसेनाशी झाली. तिकीट या वेळी बदलता येणार नव्हतं. निघायच्या दोन दिवस आधी मावशींनी मॅनेजरला जेट्टीच्या पायऱ्यांबद्दल विचारलं, बाजूला रेलिंग आहे का. तो म्हणाला, “है भी, नहीं भी.” भरती आली की रेलिंग पाण्याखाली जातं, असं त्याचं म्हणणं होतं. मावशींनी फोन ठेवला आणि जाहीर केलं की दौरा स्थगित. कठडा असणं आणि नसणं या दोन्ही गोष्टी एकाच अहवालात चालत नाहीत.

टॅक्सी मात्र सांगून ठेवली होती. ती फुकट घालवायची नाही म्हणून विमानतळापर्यंतची शेवटची तालीम करायचं ठरलं, आणि तालीम खऱ्या दिवशी, खऱ्या वेळेला, खऱ्या बॅगेसकटच व्हायला हवी. रिकामी बॅग उचलून हमालाच्या दमाचा अंदाज येत नाही. मावशींनी स्वतःचे कपडे नीट भरले, राखीव चपला भरल्या, तिकीट आणि ओळखपत्र पर्समध्ये ठेवलं. मला टोपी आणि गॉगल दिला. धुरकट सकाळी गॉगल लावून मी मागच्या सीटवर बसले. टॅक्सीवाल्यानं एकदा विचारलं, “मैडम जी, जा कौन रहा है?” मावशी म्हणाल्या, “कोई नहीं. गाड़ी बीच वाली लेन में रखिए.”

विमानतळाच्या दारापाशी गाडी थांबली. दार उघडण्यावरून दोघांचं थोडं झालं आणि मावशी जिंकल्या. मी उतरले. तालमीप्रमाणे मी दाराकडे बघायचं, मंद हसायचं आणि परत फिरायचं होतं. माणसं ट्रॉल्या ढकलत आत जात होती. दाराशी बंदूक घेतलेला जवान एकेकाचं तिकीट बघत होता. मावशींच्या हातात बॅग होती आणि त्या माझ्या डावीकडे, दोन पावलं मागे होत्या.

“मान्यवर,” त्या हळूच म्हणाल्या, “इथून आपण परत.”

मी दाराकडे बघत राहिले. मागे वळले असते तर मला बोलता आलं नसतं.

मी म्हटलं, “मान्यवरांची एक इच्छा आहे.”

मागे हालचाल थांबली. त्या ताठ उभ्या राहिल्या असणार, हे मला न बघता कळलं.

“आधी पाहणी पथक पाठवा. आजच. आत्ताच्या विमानानं.”

मागच्या गाडीनं हॉर्न दिला आणि टॅक्सीवाल्यानं त्या गाडीवाल्याला त्याच्या घरच्यांवरून काहीतरी सांगितलं.

“पथकात कोण?” मावशींनी विचारलं.

“आपणच.”

“मी?” हा आवाज मी आधी ऐकला नव्हता. “मला पाठवतायत?” आणि मग लगेच, सवयीनं, दुसऱ्याच कुणाचं तरी वाक्य त्यांच्या तोंडून आलं, “पण तिथे लेडीजची राहायची सोय?”

“झालीये,” मी म्हटलं. “आपणच केलीये.”

त्यांनी कारण विचारलं नाही. इच्छेचं कारण विचारत नाहीत. त्या माझ्या बाजूनं पुढे आल्या, आणि इतक्या महिन्यांत मी पहिल्यांदाच त्यांची पाठ पाहिली. पाठ छोटीशी होती आणि स्वेटरची शिवण एका खांद्यावर उसवलेली होती. जवानानं तिकीट बघितलं, चेहरा बघितला, विचारलं, “अकेली हैं?” मावशी म्हणाल्या, “जी. बाकी लोग पीछे से आएँगे.” आणि आत गेल्या. काचेपलीकडे त्या एकदा उजवीकडे बघून थांबल्या. कुणीतरी पुढे जायचं राहिलंय असं वाटून त्या थांबल्या असाव्यात. कुणीच नव्हतं. मग त्या चालायला लागल्या.

टॅक्सीवाला बोनेटला टेकून उभा होता. म्हणाला, “तो आप नहीं गईं?” मी नाही म्हटलं. त्यानं माझ्यासाठी दार उघडलं.

पहिला अहवाल संध्याकाळी आला. बोट वेळेवर. बंदरावर मॅनेजर, दोन वेटर आणि एक बँडवाला हार घेऊन उभे होते. “मी हार घेतला नाही,” मावशी म्हणाल्या. “सांगितलं, मान्यवर मागून येतायत. हार फ्रिजमध्ये ठेवून घेतलाय.” जेट्टीला कठडा आहे. दुपारी उतरताना होता, आता नाही. मॅनेजर खरं बोलत होता, त्याला सॉरी म्हटलं. पडद्यांचा रंग चालेल.

मी विचारलं, “समुद्र?”

“त्याचा अहवाल उद्या.”

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. चौथ्या दिवशी मी ऑफिसात कुणाच्या तरी रडण्याखाली ओळी लिहीत बसले होते तेव्हा फोन वाजला. मी बाहेर जिन्यात गेले. पलीकडून नुसता आवाज येत होता, मोठा, येऊन परत जाणारा. मी हॅलो हॅलो केलं. मावशी बोलत नव्हत्या. फोन त्यांनी समोर धरला असावा, हार धरतात तसा. मग त्या म्हणाल्या, “अगं, याचं काही ठरवता येत नाही.”

“म्हणजे?”

“गाडी कुठे थांबवायची, ते ठरवता येतं. याचं नाही. हा येतो, जातो. कधीपासून बघतेय. चपला भिजल्या.”

“राखीव आहेत ना?”

“त्याही भिजल्या,” त्या म्हणाल्या, आणि हसल्या. मग आवाज बदलून, कामाच्या सुरात, त्यांनी कळवलं की समुद्राची पाहणी अपुरी आहे, पथक मुक्काम वाढवत आहे, आणि मान्यवरांनी मधल्या काळात गॅलरीतल्या कुंड्यांना पाणी घालावं.

मी गाझियाबाद सोडलं त्याला आता काही वर्षं झाली. मावशी दर हिवाळ्यात जातात, एकट्याच, दर वेळी पथक म्हणून. मान्यवर म्हणून त्या एकदाही गेल्या नाहीत. त्या जागी अजून मीच आहे, आणि मी अजून गेलेले नाही. बेटावर पोचल्या की त्यांचा फोन येतो. रस्ता मोकळा आहे, भिंत पुन्हा रंगवली आहे, मॅनेजरच्या मुलीचं लग्न झालं, हार ताजा आणून ठेवला आहे. मी दर वेळी म्हणते, तारीख कळवते.

मागच्या वेळी मात्र मला खरंच लाज वाटली. मी म्हटलं, “मावशी, या वर्षी येतेच मी. तुम्ही किती दिवस पाहणी करणार?”

पलीकडे पाणी आलं आणि गेलं.

“घाई करू नका,” त्या म्हणाल्या. “अजून पुष्कळ बघायचं राहिलंय.”